कपाळाला लावलेलं कोबीचं पान

रायस्वाइक, नेदरलँड्स,
१२ एप्रिल २०२६

ती. जयप्रकाशदादा,

सुनेत्राचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे यशोधन, ईशान आणि मी मजेत आहोत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू कुणाला बोलूच देत नाहीस. पलटणीची सवय! सुभेदारसाहेब, कागदावर तरी दरडावता यायचं नाही.

आधी माझी फुशारकी ऐक. मी नाटकात काम केलं! डच भाषेत, भर चौकात, अख्ख्या गावापुढे. माझी लायब्ररी ज्या गावात आहे ना, तिथे दरवर्षी साडेचारशे वर्षांपूर्वीची लढाई उभी करतात. तेव्हा इथे स्पेनचं राज्य होतं, गावानं बंड करून त्यांची फौज हाकलली. त्यात एक खाणावळवाली आहे. गावचीच, पण स्पॅनिश शिपायांना जेवू घालता घालता त्यांचीच होऊन गेलेली. ईशान म्हणाला, असं स्पॅनिश वळणावर जाण्याला जुन्या इंग्रजीत चक्क एक क्रियापद होतं, हिस्पॅनिओलाइझ. शिवीच ती! शेवटी लोक तिच्यावर कोबीची पानं फेकतात आणि ती गुडघे टेकून माफी मागते.

हे काम कुणी घेईना. घराण्याला नाव चिकटतं म्हणे. लायब्ररीतली मारिएके तोंडावर म्हणाली, "सुनेत्रा, तू कर. तू नवीन आहेस, तुला काय फरक पडतो?"

चौदा वर्षं झाली इथे, आणि मी नवीन! असली तणतणले. म्हटलं, थांब, दाखवतेच तुला.

आणि दाखवलं रे दादा! काळी ओढणी डोक्यावर, कमरेवर हात, आवाज पार चर्चपर्यंत. मग कोबी आला. एक पान माझ्या पायाखाली गेलं. आता गुडघे टेकायचे होते, पण अन्नाला पाय लागला ना! मी वाकले, पान उचललं आणि कपाळाला लावलं. आईची शिकवण, हात आपसूकच गेला. माफीचं वाक्य साफ विसरले, तशीच उभी राहिले पान हातात धरून. वाटलं, घातला घोळ.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. नव्वदीच्या एक आजी काठी टेकत आल्या. लहानपणी दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमारीत त्यांनी ट्यूलिपचे कंद खाल्लेत. माझे हात धरून रडल्या. म्हणाल्या, "तू आमची आहेस."

ऊर भरून आला. आपल्या घरची सवय, आणि तिच्यामुळे मी इथली झाले. मग सांग, मी फितूर कुणाची?

हा शब्द तुझाच. शेजारच्या अभिजितनं अमेरिकेचा पासपोर्ट घेतला, तेव्हा दिवाळीत तू फोनवर म्हणालास, "फितूर मेला!" तुला सांगितलं नाही, पण माझा अर्ज तेव्हाच गेला होता, दादा.

येत्या गुरुवारी नगरपालिकेत माझी इथल्या नागरिकत्वाची शपथ आहे. मग भारताचा पासपोर्ट परत द्यायचा. मला लाज वाटत नाही, अभिमान वाटतोय. तो द्यायचा म्हणून दोनदा रडलेही. पण भीती वाटते ती फक्त तुझी.

भाऊबीजेला येणार आहे. तुझ्या दारात यायला मला आता सरकारची परवानगी काढावी लागेल. ती मिळेल. तुझी मिळाली की तिकीट काढते.

तू काहीही म्हण, तरी तुझीच,
सुनेत्रा