ताईच्या नंबरावरची बिलं

सावेडी, अहिल्यानगर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, असं दोनदा वाटलं. मग वाटलं, तू तशी नाहीस. रागावलीस तरी वाचशील. चार वर्षांत मी तुला एकही फोन केला नाही. यंदाचीही भाऊबीज तशीच गेली. आमची मोनिका आता बारावीला आहे. तिने त्या दिवशी सकाळी विचारलं, आत्याकडे जायचं का, आणि मी म्हणालो की दुकानात गर्दी असते. गर्दी होती हे खरं, पण मी सुट्टी मागितलीच नव्हती, हेही खरं. रोजनिशीत मी पहिलं वाक्य लिहिलं आणि दुसरं लिहिलं नाही. म्हणून ते इथे लिहितो.

माझं काम बदललंय, ते तुला कुणाकडून तरी कळलं असणारच. दोन वर्षं झाली, मनमाड रस्त्यावरच्या त्या मोठ्या दुकानात मी ग्राहक विभागात आहे. काचेमागे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या. बिल करताना मुलगी मोबाईल नंबर विचारते ना, त्या नंबरामागे माणसाने घेतलेली प्रत्येक वस्तू साठत जाते. कधी घेतली, किती घेतली, मागच्या वेळेपेक्षा लहान पुडा घेतला की मोठा. हेड ऑफिसचं सॉफ्टवेअर त्यावरून घराबद्दल अंदाज बांधतं. दर सोमवारी माझ्याकडे यादी येते: अमुक घरात बाळ येणार असावं, तमुक घरातला मुलगा शिकायला बाहेर गेला असावा. कुणाला कसली सवलत पाठवायची तेही सुचवलेलं असतं. शेवटचं बटण तेवढं मी दाबायचं. एकदा मी आमच्याच घराबद्दलचे अंदाज काढून पाहिले. मी चहातली साखर सोडल्याचं त्या यंत्राला माझ्या बायकोच्या आधी कळलेलं होतं. तेव्हा मी हसलो होतो.

जूनमधल्या एका सोमवारी त्या यादीत तुझं नाव आलं. रेश्मा, कोल्हार. नंबर मला पाठ आहे. पुढे लिहिलं होतं, घरात अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असण्याची दाट शक्यता. नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाची माहिती उघडून पाहायची नाही, असा आमचा नियम आहे आणि तो मी नव्या मुलांना शिकवतो. मी दरवाजाकडे पाहिलं, कुणी येत नाही ना याची खात्री केली आणि तुझी बिलं उघडली. मोठ्या माणसांचे डायपर, महिन्याला दोन पुडे. बिनसाखरेची बिस्किटं. आणि दाजींच्या दाढीची ब्लेडं, जी तू दर दोन महिन्यांनी न चुकता न्यायचीस, ती मार्चपासून बंद. ताई, मी त्या चार ओळींवरून दाजींना अंथरुणावर झोपवलं. घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणालो.

तू विचारशील, मग फोन का नाही केलास. मीही रोजनिशीत हाच प्रश्न चार वेळा लिहिलाय आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलंय. खरं उत्तर आईपाशी जातं. अकोल्याच्या घरून तिला मी नगरला आणलं, तिसऱ्या मजल्यावर ठेवलं, चांगला डॉक्टर लावला, आणि पाच महिन्यांत ती गेली. दहाव्याला सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "रामा, तिला कुठं राहायचं होतं, ते एकदा तरी विचारलंस का?" मला ते लागलं, कारण मी विचारलं नव्हतं. तिची साडी, औषधं, उशी, सगळं मी न सांगता ओळखायचो, आणि त्याचाच मला अभिमान होता. त्यानंतर तुझ्या दारात यायला तोंड नव्हतं. तुझी बिलं पाहायला मात्र तोंड लागत नव्हतं. दर सोमवारी पाहायचो. तू गूळ घेतलास की बरं वाटायचं. वाटायचं, घरात काहीतरी गोड होतंय.

आता मंगळवारचं सांगतो, जरी अर्धं तुझ्या कानावर आलं असेल. दुपारी कोल्हारची जीप आली. बायका आत पांगल्या आणि एक म्हातारी थेट माझ्या टेबलाशी येऊन बसली. नाव सांगितलं झुंबरबाई. म्हणाल्या, "ह्या नंबरावर मेसेज पाठवायचं बंद करा आदी. लई ताप झालाय." आणि कागदावर लिहून आणलेला नंबर पुढे केला. तो तुझा होता.

मी विचारलं, हा नंबर तुमचा आहे का. "माझा कुटला? रेश्माचा हाय. पर आमी अकरा जनी त्योच सांगतो." का म्हणून विचारलं, तर माझ्याकडे अशा पाहू लागल्या जणू मला व्यवहारच कळत नाही. "आरं, घरातला मोबाईल पोराकडं नायतर नवऱ्याकडं. बिलाचा मेसेज तिकडं गेला की झालं, ह्ये कशाला आनलं न् त्ये कशाला आनलं! कुनी केसाला काळं लावतं, कुनी सुनेला चोरून बदाम घेतं. रेश्माकडं गेलेलं कुटं जात न्हाई. बिलांवर पॉइंट साटत्यात, त्याचा मोठा कुकर बी आनलाय, ज्याच्या घरी कार्य त्याच्याकडं जातो." डायपर त्यांच्या नवऱ्यासाठी. हे त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून लिहितो. बाकीच्या दहा जणींचं मी बिलांत जे पाहिलं ते कुठेही लिहिणार नाही. "गावात तालीम चालवायचा त्यो. पोरं आजून पाया पडत्यात. गावच्या दुकानातनं ते पुडं कसं न्यायचं, तूच सांग."

तोंडातून एवढंच निघालं, "म्हणजे दाजी बरे आहेत?"

"दाजी? तुझा कोन लागतो रं कानिफ?" मग चष्मा वर-खाली करून त्यांनी मला नीट पाहिलं. "आगं बया! म्हंजी तूच व्हय त्यो!" त्यांचा आवाज पार तेलाच्या डब्यांपर्यंत गेला. "कानिफला काय धाड भरलीया? कांद्याला भाव येईस्तवर दाढी करनार न्हाई म्हनला हुता शिमग्याला. आता छातीपत्तुर आलीया, बुवावानी दिसतो." मी हसलो, ताई. टेबलावर डोकं टेकून हसलो. शेजारच्या मुलाला वाटलं मला चक्कर आली. तो पाणी घेऊन आला.

मग त्या जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवलंय. "आमाला जवळचं दुकान हाय. पर रेश्मा म्हनती, नगरलाच जा. आन् माघारी आलं की इचारती, तिथं चष्मेवाला मानूस दिसला का गं, टकलाकडं झुकल्याला? तब्येतीनं कसा हाय? आमी म्हनायचो न्हाई दिसला. आज सांगते, दिसला. टक्कल पुरं झालं म्हनून सांगते." तेवढं त्यांनी सांगितलंच असेल. तू इतके दिवस माझी चौकशी करत होतीस, हे मला कोणत्याच बिलात दिसलं नव्हतं.

जाता जाता त्यांनी मेसेजचा ताप काय झाला तेही सांगितलं. ऑगस्टमध्ये तुझ्या फोनवर डायपरच्या सवलतीचा मेसेज आला. फोन चार्जिंगला होता, दाजींनी वाचला. तुलाच काहीतरी मोठं दुखणं आहे आणि तू ते लपवतेस, असं त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून दवाखान्यात चल म्हणून ते मागे लागलेत, घास उतरत नाही, आणि तू ना दवाखान्यात जातेस ना कुणाचं नाव सांगतेस. "मी म्हनलं, माझं नाव सांग की गं. न्हाई म्हनली. म्हनली, एकीचं सांगितलं की अकरा जनी भ्यायच्या. आन् त्यो मेसेज बी कसला! मशीन म्हनं, काळजी घ्या, आमी तुमच्यासोबत हाओत." मी तुझा नंबर मेसेजच्या यादीतून काढला आणि त्यांना जीपपर्यंत सोडून आलो. त्यांच्या पिशव्या मी उचलल्या. त्यांनी उचलू दिल्या.

काल साहेबांना सांगितलं की मी नात्यातल्या माणसाची माहिती पाच महिने उघडत होतो. ते म्हणाले, जाऊ द्या हो, सगळेच बघतात. मला ते पटलं नाही. कोल्हारच्या नोंदी आता माझ्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, तशी सोय करून घेतली आहे. यातून दुकान काही बदलणार नाही, हे मला कळतं. यंत्र साठवत राहणार, आणि माझ्या जागी दुसरं कुणीतरी पाहू शकणार. त्या अकरा जणींना वाटतं की त्यांचं गुपित फक्त तुझ्यापाशी आहे. ते तसं नाही, हे त्यांना कळायला हवं. पुढे नंबर सांगायचा की नाही, ते त्या ठरवतील.

आता हे पत्र कशासाठी, ते. सुरुवातीलाच तीनदा लिहून खोडलं. तो मेसेज यंत्राने पाठवला नाही, ताई. यादीत तुझ्यासाठी चहाच्या पुड्याची सवलत सुचवली होती. ती काढून डायपरची मी घातली, आणि खालचा मजकूरही माझाच. दाजींच्या आजारपणात तुला थोडा हातभार लागेल आणि माझं नावही कळणार नाही, असा माझा हिशेब होता. तीन महिने तुझ्या घरात जो घोर आहे, तो माझ्यामुळे आहे. तो मला दाजींसमोर बसून फेडायचाय. दाढीच्या ब्लेडांवरून मी तुम्हाला आजारी ठरवलं आणि गुपचूप सवलत पाठवली, ताईला काहीही झालेलं नाही, एवढं मी त्यांना सांगेन. हे अर्धंच आहे, पण त्यात खोटं काही नाही, आणि उरलेलं अर्धं सांगायचा हक्क झुंबरबाईंचा. त्यांची आणि बाकीच्यांची हरकत नसेल तर दुपारी तुझ्या ओट्यावर त्यांनाही आमचं यंत्र काय काय लक्षात ठेवतं ते नीट समजावून सांगेन. येत्या मंगळवारी मला सुट्टी आहे. या वेळी मी ती मागितली आहे. सकाळच्या एसटीने निघालो तर नऊच्या सुमारास कोल्हारला उतरेन. मी येऊ का? नको असेल तर फोन करून नको म्हण. निदान तुझा आवाज ऐकू येईल.

तुझाच,
राम