उगमाकडे निघाले आहे

अहो,

माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन सकाळच्या बसने मी नदीच्या उगमाकडे निघाले आहे. लग्न झालं तेव्हापासून तुम्ही या प्रवासाची आखणी करताय. जेवणाच्या टेबलावर काचेखाली नकाशा पसरलात आणि आपण जन्मभर त्या नदीवर ताटं मांडून जेवलो. डोंगरासाठी हौसेने घेतलेल्या बुटांचे तळ कपाटातच गळून पडले, तरी तुमचा अभ्यास काही संपला नाही. माझे गुडघे आता त्यासाठी थांबायचे नाहीत.

नकाशा तुम्हालाच ठेवलाय. आम्ही विचारत विचारत काठाने खाली येऊ. दूध तापवायचं राहिलंय, त्याचा आधी आराखडा काढत बसू नका.

यायचंच झालं, तर आपल्या गावच्या पुलावर येऊन उभे राहा. आम्ही दिसलो की हात करा. थांबायचं की नाही, ते आम्ही ठरवू.