कोरड्या अंगाने

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींची कंबर आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

चष्म्याच्या दुकानात मी रुळलोय, पण अजून पक्का झालेलो नाही. मी आणि माझ्याबरोबरच लागलेला लंबू, दोघंही उमेदवारीवर. महिनाअखेरीस मालकीणबाई एकालाच ठेवणार आहेत. काम मला जमतं, घात घाम करतो. सायकल दामटत येतो, आल्या आल्या मागच्या मोरीपाशी शर्ट बदलतो, तरी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायला वाकेपर्यंत नवा शर्टही पाठीला चिकटलेला असतो. काल एका आजींनी तोंडच फिरवलं. घरी पाण्याची टंचाई आहे का, असं बाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं. लंबूचंही तेच, तो तर माझ्याहून लांबून येतो.

दुकानात अंघोळीची सोय नाही. तू इतकी वर्षं सायकलवरून दवाखान्यात ड्यूटीला जातेस आणि बघावं तेव्हा टवटवीत. करतेस तरी काय? ही नोकरी गेली तर पुन्हा काकांच्या गोदामात पोती उचलायची आणि त्यांचे टोमणे खायचे. ते आता माझ्याच्याने होणार नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
बारक्या

९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

वेड्या, घाम खरा फुटतो तो थांबल्यावर. सायकलवर वारा लागतो म्हणून कळत नाही. तू पोचल्या पोचल्या शर्ट चढवतोस आणि मग त्यात भिजत बसतोस. जन्मापासून सगळ्याची घाई!

घरून लवकर निघ. इतकी हळू चालव, की म्हाताऱ्यांनीसुद्धा तुला मागे टाकलं पाहिजे. पिशवी पाठीवर नको, मागे बांध. येताना नुसता बनियन घाल. पोचलास की सावलीत उभा राहा आणि अंग निवू दे. मग ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने, आणि शर्ट सगळ्यात शेवटी. अत्तर फासू नकोस, त्याने आणखी शोभा होते.

लंबूलाही सांग. दोघं सावलीत उभे राहिलात तर गप्पाही होतील.

तब्येतीला जप, आणि आमचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती फळली! परवा बाई माझ्याजवळून जाताना थबकल्या आणि चक्क हसल्या.

आता रागावू नकोस. लंबूने माझा कोरडा शर्ट पाहिला आणि काय करतोस म्हणून गयावया करून विचारलं. मी त्याला सांगितलं, जमेल तितकी जोरात हाण, वाऱ्याने घाम उडून जातो. जाड शर्ट घाल, पिशवी पाठीला घट्ट आवळ म्हणजे घाम टिपला जाईल. आणि न थांबता थेट आत ये. त्या भोळ्या सांबाने ते सगळं तंतोतंत केलं! नळाखालून काढल्यासारखा निथळत आला. बाईंनी त्याला वाळेपर्यंत दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघत होती. मला हसू आवरेना.

जागा एकच आहे, ताई. मी तरी काय करू? लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या

२४ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून मला तुझी शरम वाटली. भाऊजींना दाखवलंसुद्धा नाही. उद्याच्या उद्या त्या मुलाला खरं सांग. नोकरी मिळायची तर तुझ्या हाताच्या कसबावर मिळू दे. सांगितलंस की मला कळव. तोवर जास्त काही लिहीत नाही.

ताई

१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पक्का झालो! काकांना तूच कळव, जरा तिखटमीठ लावून.

तुझं पत्र वेळेत मिळालं होतं, खोटं बोलत नाही. त्याच दिवशी सांगणार होतो. पण सकाळीच बाईंनी काचा पुसायचा फवारा घेतला आणि गिऱ्हाइकांसमोर लंबूच्या काखेत मारला. सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर वेगळं दिसलं असतं. त्यानंतर रोज आज सांगू, उद्या सांगू असंच होत राहिलं.

काल त्याला काढलं. निघताना तो मुद्दाम माझे आभार मानायला आला. म्हणाला, अख्ख्या दुकानात माझ्या मदतीला तू एकटाच धावलास. तू सांगितलेलं एकही सोडलं नाही, छाती फुटेस्तोवर सायकल हाणली. बाकीच्यांना जमतं, तर माझं अंगच नासकं असणार. आता माणसांच्या जवळ जावं लागणार नाही असं काहीतरी काम बघतो.

अगदी ओठांवर आलं होतं, ताई. पण बाई काउंटरवरच होत्या. असतं एकेकाचं अंग तसं, मनाला लावून घेऊ नकोस, असं मी त्याला म्हटलं. त्याने हात पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला, आणि लांबूनच मान हलवून गेला.

रागावली असलीस तरी दोन ओळी टाक.

तुझाच,
बारक्या