जुन्या गाडीतला नवा कन्व्हर्टर

वारजे,
गुरुवार

प्रिय मच्छिंद्र,

फोन लावला की सोजरबाई उचलते आणि तू आंघोळीला गेलास म्हणून सांगते. सकाळी आंघोळ, भर दुपारी आंघोळ. विश्रांतवाडीला एवढं पाणी येतं तरी कुठून, असं तुझी मथुरावहिनी विचारत होती. म्हणून शेवटी लिहायला बसलो. माझं अक्षर तुला माहीत आहे, सांभाळून घे.

गाडी तयार आहे. श्याम मेकॅनिक रोज "काका, घेऊन जा" म्हणून मागे लागतो आणि मी रोज उद्यावर ढकलतो. साखरेनं डावा पाय नेला तेव्हापासून गाडीच माझा पाय झाली. क्लच नाही, एका पायानं चालते, म्हणून तर एवढी जुनी परदेशी गाडी घेतली. ती गॅरेजात गेल्यापासून मी खिडकीशी बसून रस्ता बघतो. मथुरा रिक्षा शोधत फिरते, तिच्या गुडघ्यांचं तर तू बघितलंच आहेस. कंटाळा आलाय रे.

आळंदी रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा तू मार्केट यार्डातला माल तसाच ठेवून टेम्पो घेऊन आलास. "आपला टेम्पो असताना दुसऱ्याला कशाला बोलवायचं, दादा?" म्हणालास आणि दोरी बांधलीस. आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोरीनंच घरी येते, ट्रॅक्टर काय, जीप काय. ऑटोमॅटिक गाडी तशी ओढायची नसते हे तुला कोण सांगणार होतं? इंजिन बंद असलं की आतलं तेल फिरत नाही, आणि चाकं मात्र गिअरबॉक्स कोरडाच फिरवत राहतात. वारज्यापर्यंत तो आतून भाजून निघाला. गॅरेजात श्यामनं मान वर न करता विचारलं, "दोरी कोणी बांधली? सत्कार करायचाय." तू दोरी हातात घेऊन उभा होतास. त्या दिवसापासून तुझं येणं बंद. पेठेतला माणूस आहे तो, मच्छिंद्र, गिऱ्हाइकाला टोमणा मारल्याशिवाय त्याला पाना धरता येत नाही. तो कधीच विसरला.

गिअरबॉक्समधल्या जळलेल्या चकत्यांच्या जागी दुसऱ्या मिळाल्या. अडलं ते कन्व्हर्टरवर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये कळशीच्या बुडासारखा लोखंडी डबा असतो, आतल्या तेलाच्या जोरावर तो क्लचचं काम करतो. सगळी काजळी त्यात जाऊन बसली होती आणि तो उघडून धुता येत नाही. एवढ्या जुन्या गाडीचा डबा काही मिळेना. शेवटी त्याच कंपनीच्या नव्या, अपघात झालेल्या गाडीचा मिळाला. दाते जुळले, भोकं जुळली. तरी माझा जीव खालीवर. जुन्या घरात नवी सून, नांदेल का? तो दाबत दाबत, फिरवत फिरवत पार आत बसवावा लागतो. थोडा बाहेर राहिला आणि बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो, असं श्यामच एकदा बोलून गेला होता. म्हणून मी शेजारी उभा राहून सारखा विचारत होतो, बसला का, नीट बसला का. शेवटी म्हणाला, "काका, तो बसला. आता तुम्हीपण बसा." आणि स्टूल पुढे सरकवलं.

नवा कन्व्हर्टर जुन्यासारखा नाही. इंजिन आधी ओरडतं, गाडी मागाहून हलते. श्यामनं ते आधीच सांगितलं होतं, "थोडं थांबून निघेल, घाबरू नका." मी गॅरेजच्या आवारात चालवून बघितली. इंजिन ओरडलं, मग ओरडतच राहिलं, आणि गाडी अशी सुटली की समोरच्या भिंतीला लागता लागता राहिली. सगळे हसले. श्याम म्हणाला, "नवा आहे, होईल सवय." मीपण मान हलवली.

मच्छिंद्र, कन्व्हर्टरचा काही दोष नव्हता. उजव्या पायाखाली पेडल आहे की नाही, किती दाबलंय, मला कळतच नव्हतं. डाव्या पायाची सुरुवात अशीच झाली होती. हे मथुरेला सांगितलेलं नाही, श्यामलाही नाही. आता ती गाडी मी रस्त्यावर आणणार नाही. पण ती गॅरेजातच पडून राहिली तर मथुरा कारण विचारेल, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. तू ये. स्टिअरिंगवर तू बस, मी शेजारी बसतो, आधी दवाखान्यात जाऊ. मग घरी येऊन तिला सांगू. तेव्हा तू जवळ हवास, मला एकट्याला जमणार नाही. चालवताना डावा पाय आखडून ठेव, नाहीतर सवयीनं क्लच शोधायला जाशील आणि ब्रेकवर उभा राहशील. सोमवारी गॅरेज बंद असतं, तेवढा वार सोडून कधीही ये.

तुझाच,
गेनबादादा