न घेणाऱ्या बायका

४ जानेवारी
मंदाने सुक्या बोंबलाचा भाव पुन्हा उतरवला. बाजारात तिचा ओटा माझ्या समोरच. मग मीही उतरवला. दुपारी तिने आणखी. गिऱ्हाईक खूश, आम्ही दोघी रिकाम्या. असेच चालले तर पावसाळ्याआधी ओटा सोडावा लागेल. हे गेल्यापासून मी त्यांच्या जागेवर बसते. ती जागा जाऊ नये, एवढेच.

६ जाने.
वाचनालयातून धंद्याचे पुस्तक आणले. त्यात म्हणतात, शेजाऱ्याशी भांडू नका. जे घेतच नाहीत त्यांना विचारा, का घेत नाही. लिहिणाऱ्याने मासळी विकलेली नाही, हे नक्की. सकाळची भवानी व्हायच्या आत कोणी नुसती चौकशी करून निघाले तर आम्ही चार शब्द ऐकवतो. दिवस खराब जातो म्हणून. ह्यांच्या हाताखाली आले, त्या पहिल्याच दिवशी ह्यांनी शिकवलेले.
तरी ते पान दोनदा वाचले.

९ जाने.
नवीन पनवेलच्या एक बाई आहेत, बँकेत नोकरी. थांबतात, वाकून वास घेतात, जातात. आजही आल्या. भवानी झाली नव्हती. जिभेवर आलेले गिळले आणि स्टूल पुढे केले. "बसा. नेहमी बघता, घेत का नाही?"
आधी दचकल्या, मग हसल्या. "अहो, बोंबलावर जीव आहे माझा. पण भाजला की वरचे दोन मजले खाली येतात भांडायला."
मंदा समोरून, "सुमन गो, भवानीआधी पाहुणचार? आता त्यांना जेवायला पन वाढ!"
दिवसभर खरेच काही खपले नाही. मंदाला केवढा आनंद.

१२ जाने.
करंजाला माहेरी. वहिनीला बँकेतल्या बाईंचे सांगितले. ती म्हणाली, "आन हितं. अंगनात भाजू. वासाला कोन भांडतंय? सगल्या गावाला तोच वास हाय." डोकी काढून, तुकडे करून, निखाऱ्यावर भाजले. मसाला लावून बरण्या घट्ट बंद. वहिनीचे हात काळे, माझे लाल. किती दिवसांनी हसलो.

१७ जाने.
बँकेतल्या बाई मी दिलेली बरणी परत घेऊन आल्या. खारट. "चहाबरोबर खाल्ले आम्ही." चहाबरोबर! आम्ही भाकरीला लावून चिमूटभर खाणार, त्याच हाताने मीठ घातले. खातात कसे, हे विचारायलाच विसरले. वहिनीला फोन. ती अजून हसतेय. पुढच्या खेपेला मीठ निम्मे.

२८ जाने.
बाईंनी त्यांच्या इमारतीतल्या तिघींना आणले. त्यातल्या एकीने लग्नानंतर बोंबील घरात आणलाच नव्हता. बरणी पिशवीत ठेवताना डोळे पुसत होती. मी दुसरीकडे बघितले.
सुक्या मालाचा भाव मी आता मंदावर सोडलाय. चढाओढ संपली, तसा तिचा भावही हळूहळू जागेवर आला.
ह्यांना सांगावेसे वाटले, तुमचा नियम मोडला. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी स्वतःच स्टूल पुसले असते. ज्यांना इतकी वर्षे हाकलले त्यांनीच तारले. कोणाकोणाचे उपकार मानू.

११ फेब्रु.
बायका म्हणतात, बाजारात कशाला बसता, फोनवर सांगू, घरी पाठवा. वहिनी म्हणते, ओटा सोड, करंजालाच ये. दोन्ही बरोबर. ज्या ओट्यासाठी एवढे केले त्याचीच आता गरज नाही. असे होईल हे पुस्तकात कुठे नव्हते.

१३ फेब्रु.
मंदा आज मधली वाट ओलांडून माझ्याकडे आली. "सोडनार असशील तर आधी मला सांग. सुनेला बसवीन."
"बघू."
"नाय सोडलास तरी चालंल." माझी एक बरणी उचलून बघितली. "समोर कोन नसलं तर दिवस जात नाय गो."
चहा सांगायला उठले. वळून बघते तर ती ह्यांच्या जागेवर बसलेली, माझ्या गिऱ्हाइकाला बरणी दाखवत. 'ऊठ' म्हणणार होते. दोन कप घेऊन स्टुलावर बसले.