हिच्या खात्यात अडकलेला आवाज

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात नुसती मान लववली आहे, कागदावर साष्टांगच समज.) तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही दोघं ठीक. ठीक नाही तो आमचा कॉम्प्युटर, आणि त्याच्यापायी माझ्या जिवाला जो घोर लागला आहे तो सांगायलाच हे पत्र.

रविवारी तू पडद्यावर आलीस, बराच वेळ बोललीस, चष्मा काढून डोळे पुसलेस आणि माझ्याकडे बघत थांबलीस. मी मान डोलावली. तू पुन्हा काही विचारलंस, मी पुन्हा डोलावली, जरा जोरात. तू हसलीस आणि पडदा काळा झाला. ताई, त्यातलं अक्षरही मला ऐकू आलं नव्हतं! आवाज आत्ता येईल, मग येईल म्हणून मी वाट बघत राहिलो, आणि तू डोळे पुसल्यावर 'काय म्हणालीस?' असं खुणेने विचारायला मी काही दगड नाही. तेव्हा कशाला तरी होकार देऊन बसलो आहे एवढं नक्की. येत्या रविवारच्या आत आवाज सापडला तर बोलण्याबोलण्यात तुझ्याकडून ते काढून घेता येईल, असा बेत केला आणि शोधाला लागलो.

तर त्या जुन्या यंत्रावर जावईबापूंनी विंडोजऐवजी लिनक्स बसवलं आहे. त्यात घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं: एक माझं, एक हिचं, एक जावईबापूंचं. (ते येतात कधीमधी, पण सगळे अधिकार त्यांच्याच खात्याला, जावयाचा मान यंत्रालाही कळतो.) मी वायर काढून पुन्हा खोचली. स्पीकर उलटा करून झटकला, त्यातून एक मेलेली मुंगी निघाली, आवाज नाही. आवाजाची पट्टी शंभराच्याही पुढे ओढली. मग सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' असे शब्द दिसले. म्हणजे आवाज बाहेर पडतो आहे असं यंत्राने आपलं मानून घ्यायचं, प्रत्यक्षात तो कुठेच जात नाही. मला हे फार आवडलं. कचेरीतल्या बैठकांमध्ये माझ्या सूचनांचं काय होत असे, त्याला इतकी वर्षं नेमका शब्द सापडत नव्हता.

सहज म्हणून हिच्या खात्यात शिरलो, तर स्पीकरमधून एक बाई खणखणीत म्हणाली, "आता पडद्याच्या चुण्या टाचून घ्या." मी खुर्चीतून उडालोच. ही शिवणकामाचे व्हिडिओ बघते, ते ठीक. (आमच्या पडद्यांना काय धाड भरली आहे, ते काही विचारलं नाही.) पण तेच यंत्र, तोच स्पीकर, तीच वायर, मग तिच्या खात्यात बाई बोलते आणि माझ्या खात्यात बहीण मुकी, हे कसं? घरात माझा आवाज चालत नाही हे जुनंच आहे, पण यंत्राचे कान कोणी भरले? मग मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि आधी मी बसलो. आवाज आला! नंतर ही बसून गेली, मी पुन्हा बसलो, पुन्हा सगळं चिडीचूप. असं बरेचदा करून पाहिलं. ही म्हणाली, संगीतखुर्ची खेळताय का.

शेवटी जावईबापूंना फोन लावला. त्यांनी एक ओळ टाइप करायला सांगितली, 'आवाज कोणी धरून ठेवला आहे' असं विचारणारी. यंत्राने सरळ हिचं नाव लिहिलं! झालं होतं असं, की ही उठताना आपलं खातं बंद करत नाही, नुसतं बदलते, त्यामुळे तिचं खातं मागे जागंच राहतं. तरीही पूर्वी समोर बसेल त्याला आवाज मिळायचा. पण मागे हिची काही तक्रार आली तेव्हा जावईबापूंनी तिला 'ऑडिओ' नावाच्या गटात घालून ठेवलं. त्या गटातल्या माणसाचा आवाजावर कायमचा हक्क, मग माणूस समोर असो नसो. म्हणजे ही स्वयंपाकघरात आणि आवाज हिच्या मुठीत. मी म्हटलं, मलाही घाला त्या गटात. तर म्हणाले, "बाबा, तुम्हाला घालायचं नाही, आईंना काढायचं. फक्त मी काढलं असं सांगू नका." काढलं एकदाचं. आता सगळं ऐकू येतं.

तुझ्याकडे लहान कोणी नाही, तेव्हा आशीर्वाद शिल्लक ठेवतो. थोर तूच, तुला पुन्हा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम असं की, मला रविवारपर्यंत दम निघत नाही. मी कशाला हो म्हणालो ते उलट टपाली कळव. जे असेल ते निभावून नेईन, पण कळव.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच हिने विचारलं, एवढं काय लिहिताय? सांगितलं. ही शिवणयंत्रावरून मानही वर न करता म्हणाली, "वन्सं आपल्याकडे कायमच्या राहायला येतायत. तुम्ही क्षणभरही विचार न करता हो म्हणालात, म्हणून फोनवर मला सांगताना रडत होत्या. हे पडदे त्यांच्याच खोलीचे." ताई, मला ऐकू आलं असतं तर मी घसा खाकरून 'बघू' म्हणालो असतो, आणि तेवढ्यात तू 'राहू दे रे' म्हणून विषय बदलला असतास. भाऊजी गेल्यापासून तू एकटी आहेस हे मला रोज टोचतं, पण 'ये' म्हणायला तोंड उघडत नव्हतं. बरं झालं मान डोलली. ये.

ता. क. तिसरा : यंत्रावर तुझं खातं उघडलं आहे. पासवर्ड म्हणजे लहानपणी मला चिडवायला तू जी हाक मारायचीस, ती. जावईबापूंना सांगून हिला परत आवाजाच्या गटात घेतलं आहे, आणि तुलाही. तुम्हा दोघींत काय तो आवाज वाटून घ्या. मी बाहेर बरा आहे, मला मान आहे.