आडावरचा खांब

९ फेब्रुवारी, सोमवार

घडलं ते क्रमानं लिहून ठेवते. नंतर स्वतःशीच बदलून सांगायला नको.

१. सव्वा वर्षापूर्वी प्लॉटमालक नानांच्या नव्या इमारतीचं जोतं तपासायला गेले. नगरपंचायतीत अभियंता म्हणून माझा तिसरा महिना.
२. रस्त्याच्या बाजूचं अंतर टेपनं मोजलं. ३.०० मी. बरोबर.
३. दक्षिणेला म्हसोबाची पूजा चालू होती. उत्तरेला मुरमाचा ढीग. त्या दोन बाजू मोजल्या नाहीत.
४. अहवालात दोन्हीकडे २.०० मी. लिहिलं. मंजूर नकाशात होतं तेच.
५. सही केली. सहीच्या वर छापलेलं असतं : 'प्रत्यक्ष जागेवर मोजून खात्री केली.'
६. आता तळमजला आणि पहिला मजला वापरात. भोगवटा प्रमाणपत्र नाही. खाली शमीमआपांचा शिवणवर्ग, वर मुलींची अभ्यासिका.
७. आज आपा कार्यालयात आल्या. वर्गाचं दार लागत नाही. जाऊन पाहिलं. ईशान्येच्या खांबाजवळ भिंतीला तिरका तडा, खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेला. पोस्टकार्ड आत शिरतं.
८. बाहेर येऊन उत्तरेचं अंतर मोजलं. ०.६० मी.

दोनदा मोजलं. साठ सेंटिमीटर.

आपा म्हणाल्या, "चेहरा का उतरला मॅडम? दारच तर आहे."

सुतार बोलवा, म्हणाले. हे मी का म्हणाले माहीत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फाइल काढली. नकाशात उत्तरेच्या मोकळ्या जागेत ठिपक्यांचं वर्तुळ आहे. 'जुना आड, बुजवलेला.' भिंतीपासून चाळीस सें.मी. लांब. आर्किटेक्टनं मुद्दाम इमारत त्याच्या अलीकडे ठेवली होती. दक्षिणेला म्हसोबाचा दगड, त्यावर बाण : 'प्लॉटच्या कोपऱ्यात स्थलांतरित करणे.'

दगड आहे तिथंच आहे. मग सरकलं काय?

दुपारी पुन्हा गेले. आपांना विचारलं, इथं आड होता?

"हौ. लहानपणी मीच पाणी काढलंय त्यातनं. दोन पुरुष खोल. दुष्काळात आटला, मग सगळ्या गल्लीनं कचरा टाकला. चपला, गाद्या, मेलेली कुत्री. तुमचा हा खांब त्याच्यावरच बसलाय की."

मशीन चालवत बोलत होत्या. ब्लाउजची बाही.

"आणि म्हसोबा?"

"त्याला कोण हात लावणार? नकाशात सरकवलावता म्हणे. नाना म्हणला, देव सरकत नसतो, घर सरकवा. मिस्त्रीनं आखणीची दोरी उचलली न् इकडं मारली. सगळ्या गल्लीला माहितंय मॅडम. तुम्ही नव्हता का त्या दिवशी?"

होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

तेरची, आमच्या गावची, बस उशिरा. घरी पोचेपर्यंत साडेसात.

अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. त्यांनी तीस वर्षं गवंडीकाम केलं. भूकंपानंतर जी नवी गावं बसवली, तिथं त्यांनी जोत्यावरचा आणि दारावरचा, भिंती एकत्र धरून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा शिकून घेतला. अजून कुणाच्या घरी गेले की आधी भिंत बघतात, मग माणसं.

सगळं ऐकून एवढंच विचारलं, "बाकीच्या अंगांना का गेली न्हाईस, माय?"

ढीग होता, मी म्हणाले.

"ढीग एका अंगाला हुता. दुसऱ्या?"

मी ताट घ्यायला उठले.

खरं उत्तर इथं लिहिते. त्या दिवशी दक्षिणेला नारळ फुटत होते. मी टेप घेऊन निघाले तर नाना हसत आडवे झाले. "मॅडम, तिकडं ऱ्हाऊ द्या जरा. पूजा चालूय. तुमच्यात म्हसोबा नसतोय, नव्हं का?" आडनाव त्यांनी माझ्या पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. चारपाच माणसं माझ्याकडं बघत होती, माझ्या पायांतल्या बुटांकडं बघत होती. मी टेप गुंडाळला.

त्या बाजूंना गेले असते तर दोरी कुठं मारली आहे ते दिसलं असतं. मुरमाचा ढीग कशासाठी होता तेही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांनी जुन्या फोटोच्या चौकटीची काच कापून दिली. तीन पट्ट्या. तड्यावर आडव्या, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवायची. तडा थांबलेला असेल तर काच टिकते. हलत असेल तर फुटते.

"हात पोचंल अशी एक लाव, न पोचंल अशी एक लाव," अण्णा म्हणाले. "न्हायतर म्हणतील, पोरींनी फोडली."

क्र. १ कमरेच्या उंचीवर, क्र. २ डोक्याच्या उंचीवर, क्र. ३ छताखाली, शिडी लावून. प्रत्येकीशेजारी तारीख आणि वेळ. तड्याची रुंदी १.१ मि.मी.

आपा म्हणाल्या, "भिंतीला बांगड्या भरल्या का मॅडम? ओटी पण भरा."

शिवणाऱ्या बाया हसल्या. मलाही हसू आलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नाना कार्यालयात. बसा म्हणायच्या आधीच खुर्ची ओढली.

"काचा लावल्या म्हणं तुम्ही. आमची इमारत काय आजारी पडलीय व्हय?"

इमारत १.४० मी. उत्तरेला सरकली आहे, खांब बुजवलेल्या आडावर आहे, असं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"आड भरून घेतलाय आमी. चांगला आठ ट्रॉल्या मुरूम. दाबून."

"कशानं दाबला?"

"पाणी मारून. अहो, ट्रॅक्टर फिरवला त्याच्यावर." मग आवाज खाली आणला. "आन मॅडम, जोतं तुमीच बघितलंय. कागद हाय माझ्याकडं, लॅमिनेशन करून ठिवलाय. सही लई सुंदर हाय तुमची."

जाताना दारातून : गुरुवारी, २६ ला दुसऱ्या मजल्याचा स्लॅब. मुहूर्त काढलाय. जेवायला या.

स्लॅबचं सेंट्रिंग, टेकू आणि फळ्या, उभं आहे हे मी बघितलंच होतं. तारीख माहीत नव्हती.

ओल्या काँक्रीटचं वजन काढलं. त्या खांबाच्या वाट्याला येणारं वेगळं काढलं. आकडा इथं लिहीत नाही. कागद फाडला, मग तुकडे पर्समध्ये ठेवले. कार्यालयाच्या टोपलीत नकोत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. घरी. भांडं पडलं की दचकते. आईनं विचारलं, कुणी काही बोललं का? नाही म्हणाले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

क्र. १ शाबूत. क्र. २ शाबूत. क्र. ३ फुटली.

मधोमध, सरळ. छताखालची. तिथं कुणाचा हात पोचत नाही. सकाळी १०.२०. रुंदी १.६ मि.मी. फोटो काढले, पट्टीसकट.

वर अभ्यासिकेत गेले. मुली वाचत होत्या. त्याच खांबाजवळ उजेड चांगला म्हणून तिथंच गर्दी. मोजल्या : एकोणीस. टेबलं पलीकडच्या भिंतीला घ्या म्हणाले. एकीनं वर न बघता विचारलं, "मॅडम, मार्चमध्ये आमची भरतीची परीक्षा आहे. तोवर पडत नाही ना?" सगळ्या खिदळल्या.

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. हसणं थांबलं. टेबलं सरकवली त्यांनी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांना (मुख्याधिकारी) भेटले. फोटो, मोजमाप, नकाशा, सगळं टेबलावर मांडलं. काम थांबवण्याची आणि इमारत रिकामी करण्याची, दोन्ही नोटिसांचे मसुदे तयार नेले होते. सही त्यांचीच लागते.

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"नोटीस काढायची तर कारण लिहावं लागेल. इमारत मंजूर जागेवर नाही, हेच ना?"

"हो सर."

"मग जोते तपासणी अहवाल खोटा ठरतो."

"हो सर."

"कुणाचा आहे तो?"

"माझा."

मग ते वडिलांसारखं बोलू लागले आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तुमचा परिवीक्षा काळ अजून संपलेला नाही. गरीब घरातून वर आलात. दार बसवून घेऊ, प्लास्टर करून घेऊ, स्लॅब होऊन जाऊ दे, मग स्ट्रक्चरल ऑडिट लावू. "घाईनं काही कागदावर आणू नका. बघू आपण."

मसुदे त्यांनी परत दिले नाहीत, फाइलला लावले नाहीत. टेबलावरच्या काचेखाली सरकवले. कॅलेंडरशेजारी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नानांचे चार फोन. तीन घेतले नाहीत. चौथा घेतला.

"मॅडम, सर्टिफिकेट पायजे का तुमाला? इंजिनिअरचं आणून देतो. एक न्हाय, दोन. शिक्क्याचं." मी दार लोटून घेतलं. "आन सायबांकडं जाऊन काय केलंत? सायेब माझ्याच गाडीतनं येतेत रोज." मग हळूच : "तेरला असता ना तुमी? अण्णा बरे हायत का? कामाचा माणूस. म्हाताऱ्याला सांभाळा."

एवढंच. यात धमकी म्हणून दाखवता येईल असा एकही शब्द नाही. दोनदा आठवून लिहिलं, शब्दशः आहे.

संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीची जागा सोडून मधली घेतली. मागे कुणी खोकलं तरी वळून बघत होते. घरी आधी अण्णा ओसरीत आहेत का ते बघितलं. होते. त्यांना फोनचं सांगितलं नाही.

क्र. २ ला बारीक रेघ आहे. फुटली म्हणता येत नाही. रेघ आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. बाहेर मिरवणुकीचे ढोल. तरी गेले. दक्षिणेची बाजू अजून मोजायची राहिली होती. सव्वा वर्षं राहिली होती.

दगड गुडघ्याएवढा, शेंदराचे थरावर थर. पुढं वाळलेला हार. टेपचं टोक प्लॉटच्या हद्दीवर धरायला कुणीतरी हवं होतं, तर आपा आल्या. वाटेत नेमका दगड. टेप त्याच्यावर टेकवला की सरळ ताणला जाईल. मी हात उचलून धरला, टेकवला नाही. शेंदूर लागेल म्हणून, असं आपांना सांगितलं. ते खरं नाही. आमच्या घरात कुणी याला मानत नाही, आणि माझा हात टेकला नाही. मग नानांना कशाच्या जोरावर हसायचं.

३.४० मी. उत्तरेचे ०.६०. बेरीज जुळली.

आपांना सरळ सांगितलं : वर्ग रिकामा करा. आजच. जोतं मी नीट तपासलं नव्हतं, तेही सांगितलं. त्यांनी टेपचं टोक सोडून दिलं.

"म्हणजे तुम्हालाच माहीत नव्हतं न् आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. वा मॅडम."

"वर्ग सोडा, आपा."

"सोडते की. चिठ्ठी द्या शिक्क्याची. लग्नसराई तोंडावर आलीय, अकरा मशिनी न् अकरा बाया घेऊन मी तुमच्या तोंडाच्या शब्दावर रस्त्यावर बसू? नाना म्हणेल, स्वतःहून गेली, परत आत घेत नाही. शिक्का आणा. एका घंट्यात निघते, आईची आण."

बरोबर आहे त्यांचं. माझा तोंडी शब्द किती किमतीचा आहे हे मी नुकतंच त्यांना सांगितलं होतं. मशिनी तरी खांबापासून लांब घेतल्या. बाया उचलू लागल्या, मीही.

निघताना दार बघितलं. सुतारानं खालून तासून दिलं होतं. परत अडकतंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अण्णांना सगळं सांगितलं. पूजा, बूट, नानांचा फोन. चहा निवला त्यांचा.

"नोकरी जाईल," अण्णा म्हणाले.

"जाईल."

"म्या पट्टा शिकलो तवा तिथला सायेब म्हणायचा, भिंत पडल्यावर समद्यांना कळतंय, कुठं पट्टा न्हवता." मग उठले, शर्ट घातला. "चल. बसस्टँडपत्तुर येतो."

स्टँडपर्यंत म्हणाले आणि बसमध्ये चढले. कार्यालयाबाहेर लिंबाखाली बसून होते, अर्ज देईपर्यंत.

क्र. २ आज फुटली. ९.५०. रुंदी २.० मि.मी.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज आवक विभागात दिला. लिपिकानं पहिली ओळ वाचली आणि माझ्याकडं बघून शिक्का उचलला. लगेच मारला नाही. मी उभी राहिले. मारला. एक प्रत जिल्ह्याच्या कार्यालयाला पोस्टानं. पोचपावती या पानाला टाचली आहे. मजकूर :

महोदय,

सदर इमारतीचा जोते तपासणी अहवाल मी दिला. दोन्ही बाजूंची अंतरं मी मोजली नव्हती, नकाशावरून लिहिली. तो अहवाल चुकीचा आहे आणि जबाबदारी माझी आहे. प्रत्यक्षात इमारत १.४० मी. उत्तरेला असून ईशान्येचा खांब बुजवलेल्या आडावर आहे. त्याजवळचा तडा आठ दिवसांत वाढला आहे. मोजमापं व फोटो जोडले आहेत. तळमजल्यावर अकरा महिला काम करतात, पहिल्या मजल्यावर रोज वीसेक मुली बसतात. गुरुवार, दि. २६ रोजी वर नवा स्लॅब टाकला जाणार आहे.

काम थांबवण्याच्या व इमारत रिकामी करण्याच्या नोटिसांचे मसुदे मंगळवारी आपल्याकडे दिले आहेत. त्यांवर आपण सही करणार आहात किंवा नाही, हे मला मंगळवार, दि. २४ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळवावं, ही विनंती.